मराठवाड्याएवढा देश, चौदा दिवस: श्रीलंकेची कमी खर्चातली सहल कशी आखायची

श्रीलंकेचं क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर. आपले आठ जिल्हे एकत्र केले की जवळपास तेवढंच होतं. संभाजीनगरहून निघून जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, बीड असा फेरा मारून सगळी लेणी, सगळे किल्ले, सगळी देवस्थानं पाच दिवसांत उरकू, असं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू. श्रीलंकेचं मात्र नेमकं हेच होतं. नकाशावर देश बोटाएवढा दिसतो, मग रोज एक गाव, रोज एक हॉटेल असा बेत ठरतो. डोंगरातल्या रस्त्यावर बस तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे जात नाही, हे तिथं गेल्यावर कळतं. मग वेळ वाचवायला गाडी करावी लागते आणि खर्चाचं गणित तिथंच फिसकटतं.

म्हणून या लेखात एकच गोष्ट धरून आखणी केली आहे. पैसे घासाघीस करून वाचत नाहीत, मुक्काम कमी ठेवल्यानं वाचतात. चौदा दिवसांत सात मुक्काम, बस आणि रेल्वेनं प्रवास, आणि गावातल्या घरगुती गेस्टहाउसमध्ये राहणं. आधी महिना ठरवायचा, मग तिकीट, मग मार्ग. बहुतेक जण तिकीट आधी काढतात आणि पाऊस नंतर बघतात.

महिना कोणता

आपल्याकडे पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, विषय संपला. तिथं दोन पावसाळे आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या बाजूंना पडतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल, दक्षिण किनारा आणि डोंगराच्या पश्चिम उताराला झोडपतो. त्या काळात पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली, अरुगम बे, कोरडा असतो. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस उत्तरेला आणि पूर्वेला येतो आणि दक्षिण-पश्चिम किनारा कोरडा असतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर विजांसह पाऊस कुठंही गाठतो, वादळंही याच दिवसांतली.

आता हे आपल्या सुट्ट्यांवर बसवून बघा. दिवाळीची सुट्टी नेमकी त्या मधल्या काळात येते, त्यामुळे ती सोडलेली बरी. उन्हाळी सुट्टीत जायचं तर एप्रिलच्या १३-१४ तारखा टाळा. तो सिंहली आणि तमिळ नववर्षाचा सण. त्या आठवड्यात दुकानं बंद, बसला पाय ठेवायला जागा नाही, शहरातली माणसं गावी गेलेली. मे महिन्यात मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी दक्षिण किनारा वगळून त्रिंकोमालीकडे समुद्र बघावा. ज्यांना शाळा-कॉलेजचं बंधन नाही, त्यांच्यासाठी जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च सगळ्यात चांगला. शेतकरी कुटुंबांनी तूर घरात आल्यावर आणि ज्वारी काढणीला येण्याआधीची फट साधावी. पुढचा मार्ग याच दिवसांसाठी आहे.

आणखी एक बघायचं, ते घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतच सापडतं: पौर्णिमा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारू मिळत नाही, मांसविक्रीही बंद असते, कार्यालयं बंद, आणि पांढऱ्या कपड्यांतली अख्खी गावं विहाराकडे निघालेली असतात. तिथली तारीख आपल्या पंचांगापेक्षा एखाद्या दिवसानं पुढंमागं होऊ शकते, एवढं तपासून घ्या. पोया अनुराधपूरमध्ये पडली तर बघण्यासारखी. प्रवासाच्या दिवशी पडली तर मात्र उभ्यानं जायची तयारी ठेवा.

कागदपत्रं आणि तिकीट

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने चालू हवा. नवा काढायचा असेल तर ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळला त्यावर २,००० जास्त लागतात. पोलीस पडताळणीत वेळ जातो, म्हणून हे काम तीन महिने आधी हातावेगळं करा. तत्काळचे दोन हजार म्हणजे तिथल्या चांगल्या खोलीचं एका रात्रीचं भाडं.

ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी निघण्याआधी घ्यायची. भारतीयांसाठी तिचं शुल्क कधी माफ, कधी लागू असं गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललंय. त्यामुळे व्हिडिओत ऐकलेल्यावर विसंबू नका, श्रीलंकेच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. तसंच नाव, तसाच झेंडा लावलेली दलालांची पानं शोधयंत्रात वर येतात आणि त्याच कामाचे जास्तीचे पैसे उकळतात.

विमान कुठून धरायचं हे जिल्ह्यावर ठरतं. संभाजीनगर, जालना, बीडकरांना मुंबई सोयीची, तिथून कोलंबो अडीच तासांवर. नांदेड, लातूर, हिंगोली, धाराशिवकरांनी हैदराबाद आधी बघावं. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावरही नाही. चेन्नईहून उड्डाण जेमतेम सव्वा-दीड तासाचं आणि अनेकदा सगळ्यात स्वस्त, पण चेन्नईपर्यंतचं भाडं, जेवण आणि एक दिवस त्यात धरा. घरापासून विमानतळापर्यंतचा खर्च मिळवल्याशिवाय दोन तिकिटांची तुलना करूच नका. आणि विमान ज्या दिवशी आहे, त्याच दिवशी पोहोचणारी रेल्वे धरू नका. चार तास उशीर झाला म्हणून विमान कुणी थांबवत नाही. हजारेक रुपयांची लॉजवरची रात्र इथं विम्यासारखी आहे.

पैशाचा हिशोब

तिथलंही चलन रुपयाच. एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात. किंमत ऐकली की साडेतीननं भागायचं, पहिल्या दोन दिवसांत सवय होते. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेनं परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, त्या वर्षभरात त्यांचा रुपया कोसळला आणि महागाई भडकली. त्यामुळे २०२२ पूर्वीच्या प्रवासवर्णनांतले भाव आता कामाचे नाहीत, जुने 'अमुक रुपयांत श्रीलंका' व्हिडिओ सरळ सोडून द्या.

दोघांनी एका खोलीत राहायचं धरून माणशी अंदाज असा. विमान १८ ते २२ हजार. घर ते विमानतळ जाऊन-येऊन अडीच-तीन हजार. राहण्यासाठी खोलीला रात्री सरासरी ६,००० श्रीलंकन रुपये धरले, तर तेरा रात्रींचे माणशी ११ हजार भारतीय रुपये. जेवणखाण दिवसाला २,००० श्रीलंकन, म्हणजे एकूण ८ हजार. बस, रेल्वे, रिक्षा मिळून ५ हजार. प्रवेश तिकिटं आणि एक सफारी ८ हजार. विमा, सिम, औषधं, किरकोळ ३ हजार. आणि ५ हजार कशालाच नाही म्हणून बाजूला. बेरीज साठ ते पासष्ट हजारांत बसते. एकट्यानं गेलात तर खोलीचा खर्च दुप्पट होतो, बाकी तेवढंच.

चौघं असाल आणि सोबत आई-वडील असतील तर चालकासह गाडीचा विचार येणारच. दिवसाला साठ-सत्तर डॉलरच्या आसपास पडते. पूर्ण चौदा दिवस ती ठेवण्यात अर्थ नाही, कारण निम्मे दिवस ती गेस्टहाउसच्या दारात उभी राहते. ज्या दोन-तीन दिवशी लांबचा पल्ला आहे, तेवढ्यापुरती करा.

रोख थोडे डॉलर अधिकृत चलन विक्रेत्याकडून घ्या, नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. चुरगळलेली, शाईचा ठिपका असलेली नोट तिथं नाकारली जाते. बाकी फॉरेक्स कार्डवर. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत भारतीय यूपीआय चालतं, शहरातल्या दुकानांत, मोठ्या हॉटेलांत उपयोग होतो. पण बसचा कंडक्टर आणि शहाळीवाला रोखच मागणार. विमानतळावर बँकांच्या खिडक्या शेजारीशेजारी आहेत. दोन-तीन दर विचारून पहिल्या चार दिवसांपुरतंच बदला. त्याच हॉलमध्ये डायलॉग किंवा मोबिटेलचं पर्यटकांसाठीचं सिम घ्या आणि लगेच रिक्षा-टॅक्सी बोलवायचं पिकमी ॲप टाकून घ्या. रिक्षाचं खरं भाडं किती, हे कळायला ते ॲप उघडून दाखवलं तरी पुरतं. किलोमीटरला शंभर-सव्वाशे श्रीलंकन रुपये हा हिशोब डोक्यात ठेवा.

मार्ग: तेरा रात्री

नेगोम्बो एक, अनुराधपूर दोन, सिगिरिया दोन, कँडी दोन, एल्ला तीन, गॉल किंवा मिरिस्सा दोन, परत नेगोम्बो एक.

विमानतळ कोलंबोत नाही. तो कटुनायकेला आहे, कोलंबोच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, आणि नेगोम्बो हे समुद्रकाठचं गाव त्याला लागून. पहिली रात्र तिथं काढली की कोलंबोच्या गर्दीत जाऊन परत उत्तरेला येण्याचा हेलपाटा वाचतो. कोलंबो बघायचंच असेल तर परतताना अर्धा दिवस द्या. माझ्या मते नाही बघितलं तरी काही अडत नाही.

दुसऱ्या दिवशी पुत्तलममार्गे बसनं अनुराधपूर. वाटेत चिलावजवळ मुन्नेश्वरमचं जुनं शिवमंदिर लागतं. श्रावण सोमवार न चुकवणारी मंडळी सोबत असतील तर तिथं उतरून पुढची बस धरता येते.

अनुराधपूर हे हजार वर्षांहून जास्त काळ राजधानीचं शहर होतं. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन इथं आली, ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. ते झाड अजून उभं आहे. मराठवाड्यातल्या बौद्ध कुटुंबांसाठी या सहलीतला हाच सगळ्यात महत्त्वाचा मुक्काम ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत आले होते, संभाजीनगरचं मिलिंद महाविद्यालय सुरू झालं तेच हे वर्ष. इथून तेरा किलोमीटरवर मिहिंतले आहे. अशोकपुत्र महिंदाची राजा देवानंपिय तिस्साशी भेट झाली ती टेकडी. दोन्हीला मिळून दोन रात्री लागतातच.

इथं सायकल भाड्यानं घ्या, स्तूप एकमेकांपासून दूर आहेत. जेतवनाराम स्तूप मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता, पूर्ण विटांचा. रुवनवेलिसाय स्तूपाच्या आवारात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी अशी तापते की माणसं उड्या मारत प्रदक्षिणा घालतात. जुने जाड मोजे खिशात ठेवा, मोजे घातलेले चालतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पांढरे कपडे असले तर उत्तम. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. दंडावर बुद्धाचं गोंदण असेल तर ते झाकून ठेवा, या कारणावरून तिथून पर्यटकांना परत पाठवल्याची उदाहरणं आहेत.

अनुराधपूरहून दंबुल्ला दोन तासांच्या आत. दंबुल्लाची पाच गुहांतली बुद्धमंदिरं बघून संध्याकाळी सिगिरिया गावात मुक्कामाला जा.

सिगिरियाचा खडक पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा. बापाला मारून गादी बळकावली, भावाची भीती म्हणून या सुळक्यावर राजवाडा बांधला, ४७७ ते ४९५ राज्य केलं. मध्यावर कातळात रंगवलेल्या स्त्रियांची चित्रं आहेत, आणि ती बघून आपल्या माणसाला अजिंठा आठवल्याशिवाय राहत नाही. आठवणं रास्तच आहे, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळची अजिंठ्याची लेणी जवळपास याच काळातली. म्हणून सुचवतो, निघण्याआधी अजिंठ्याला एक चक्कर मारून सतरा नंबरचं लेणं नीट बघून या. तिथल्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवलेली आहे. जहाज फुटून तो राक्षसिणींच्या बेटावर पोहोचतो आणि शेवटी सैन्य, हत्ती घेऊन लंका जिंकतो. सोमवारी लेणी बंद असतात. एवढं घरचं बघून गेलात तर सिगिरियाच्या तिकिटाचे पैसे दुप्पट वसूल.

ते तिकीट महाग आहे, परदेशी माणसाला तीसेक डॉलरच्या वर. पण भारतीयांना सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेतल्या देशांचे नागरिक म्हणून अशा पुरातत्त्व स्थळांवर बहुधा निम्म्या दरात तिकीट मिळतं. अट एकच, मूळ पासपोर्ट दाखवायचा. खिडकीवरचा माणूस आपणहून विचारेलच असं नाही, आपण 'सार्क' म्हणायचं. सकाळी दार उघडताना हजर राहा, बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि नऊनंतर लोखंडी जिन्यात रांग लागते. चित्रांचे फोटो काढायला बंदी आहे. गांधीलमाश्यांच्या पाट्या लावल्यात त्या शोभेच्या नाहीत, तिथं आरडाओरडा करू नका. संध्याकाळी समोरच्या पिदुरंगल टेकडीवर चढा. तिकीट अगदी थोडं, आणि सिगिरियाचा अख्खा खडक तिथूनच दिसतो. तब्येतीनं किंवा पैशानं दोन्ही जमत नसेल तर एकटं पिदुरंगल केलं तरी चालतं.

दंबुल्लाहून कँडी अडीच-तीन तास, बस सतत सुटतात. तिथल्या बसबद्दल इथंच सांगतो. लाल बस सरकारी, बाकी खासगी. एका बाजूला तीन, एका बाजूला दोन अशी बाकडी, पुढच्या काचेवर रंगीत दिव्यांत बुद्धमूर्ती, आणि गाणी आपल्या लग्नातल्या डीजेला मागं टाकतील अशी. पुढची सीट भिक्खूंसाठी राखीव असते, तिथं बसलात तर उठावं लागेल. मोठी बॅग चालकाच्या डाव्या हाताला इंजिनापाशी ठेवायला सांगतात. आरक्षण नसतं, म्हणून जिथून बस सुटते त्या स्टँडवरच चढायचं. लांबच्या पल्ल्याला पाचशे-सातशे श्रीलंकन रुपयांच्या वर तिकीट क्वचितच जातं.

कँडीत दलदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर. पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा अशा तीन पूजा होतात, ढोल वाजतात, वरच्या मजल्यावर रांग लागते. पहाटेची पूजा गाठा, गर्दी कमी असते. शहरात दुसरा दिवस तळं, बाजार आणि पेरादेनियाचा वनस्पती बाग यांत निघून जातो.

कँडी ते एल्ला ही रेल्वे लोक फोटो बघून ठरवतात, आणि आरक्षण मिळत नाही म्हणून हिरमुसतात. तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात आणि बघता बघता संपतात. काळ्या बाजारात तीच पाच-सहापट भावानं मिळतात, ती घेऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचं विनाआरक्षण तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतंच, भाव काही शे श्रीलंकन रुपये. प्रश्न फक्त जागेचा. कँडीला चढल्यावर पहिले साडेतीन-चार तास उभं राहावं लागेल. नानूओया स्टेशनवर नुवारा एलिया या थंड हवेच्या गावाचे प्रवासी उतरतात आणि डबा मोकळा होतो, आणि खरी बघण्यासारखी वाट तिथूनच पुढे. संपूर्ण प्रवास साडेसहा-सात तासांचा, उशीर धरून आठ. सोबत म्हातारं माणूस असेल तर कँडी ते एल्ला बसनं जा आणि रेल्वेची हौस एल्ला ते हापुताले या तासाभराच्या टप्प्यात भागवा. डबाही रिकामा मिळतो, डोंगर तेच. दारात लोंबकळून फोटो काढताना तिथं पर्यटकांचे जीव गेलेत, बोगदे अंगाला घासून जातात.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दितवा चक्रीवादळानं डोंगरातल्या रस्त्यांचं आणि लोहमार्गाचं मोठं नुकसान केलं. तिकीट काढण्याआधी पूर्ण मार्गावर गाडी चालू आहे की मधूनच फिरते, हे श्रीलंका रेल्वेच्या सूचनांत बघून घ्या.

एल्लात तीन रात्री मुद्दाम ठेवल्यात. इथं तिकिटाचा खर्च जवळपास नाहीच. १९२१ चा नऊ कमानींचा पूल, लिटल ॲडम्स पीक आणि एल्ला रॉक हे डोंगर, सगळं पायी. एक दिवस हापुतालेला जाऊन लिप्टन्स सीट ही डोंगरमाथ्यावरची जागा बघा. खाली दंबतेन्नेचा चहाचा कारखाना १८९० मधला, थॉमस लिप्टननं उभारलेला. मळ्यांतून चालताना भेटणारी बहुतेक माणसं इंग्रजांनी तमिळनाडूतून मजुरीला आणलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांतली. एसी लागत नाही, पंखाही बंद करावा लागतो, त्यामुळे खोली घेताना एसीचे पैसे मोजू नका.

हत्ती बघायचे असतील तर एल्लाची एक रात्र कमी करून उडवलवे राष्ट्रीय उद्यानापाशी थांबा. तिथं वर्षभर हत्ती दिसतात. जीप अर्ध्या दिवसाची करा आणि गेस्टहाउसच्या मालकाला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा की भागीदार मिळाले तर बघा. चार-सहा जणांत जीप वाटली की खर्च आवाक्यात येतो. 'याला' या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्या दिसण्याची आशा असते, पण जीपांची रांगच जास्त दिसते.

एल्लाहून वेल्लवायामार्गे बस खाली दक्षिण किनाऱ्याला उतरते. दोन रात्री मिरिस्साला किंवा गॉलला. गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी मोठा केला, आणि आत अजून वस्ती नांदते. तटावरून फिरायला पैसे पडत नाहीत. आत राहणं महाग, बाहेर रेल्वे स्टेशनच्या बाजूला निम्म्यात खोली मिळते.

समुद्राबद्दल आपल्या लोकांना स्पष्ट सांगायला हवं. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस पाण्याला भीत नाही, आणि तेच घातक. इथं पाणी आत ओढतं. लाल झेंडा असेल तर गुडघ्याच्या पुढे जायचं नाही, आणि स्थानिक मुलं जिथं पोहत नाहीत तिथं आपणही नाही. गॉलजवळच्या उनवटुनाचा किनारा त्यातल्या त्यात शांत.

गॉलहून कोलंबोची रेल्वे तास-दीड तास अगदी लाटांना चिकटून जाते. खिडकी डाव्या बाजूची धरा. कोलंबो फोर्टहून नेगोम्बोची बस किंवा लोकल घ्या.

शाकाहारी माणसाचं जेवण

भात-आमटी खाणाऱ्याचे तिथं हाल होत नाहीत. दुपारी साध्या खानावळीत 'राइस अँड करी' मागा. ताटावर पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरून येतो, त्यावर भाताचा डोंगर, बाजूला नारळाच्या दुधातली मसूर डाळ म्हणजे परिप्पू, घेवडा, बीट, एखादी पालेभाजी खोबरं घालून, वर पापड. भाजी संपली की पुन्हा वाढतात. चारशे ते सातशे श्रीलंकन रुपयांत पोट भरतं. बाराला जा, दोननंतर गार झालेलं उरतं.

खरी अडचण उंबलकडची. ही वाळवून कडक केलेल्या माशाची पूड, आणि ती आपण शेंगदाण्याचा कूट टाकतो तशी सहज भाजीत, नारळाच्या सांबोलात, म्हणजे चटणीत, टाकली जाते. 'व्हेज' म्हटलं तरी ती आत असू शकते, कारण त्यांच्या लेखी ती मसाल्यात मोडते. म्हणून 'मस् एपा, माळु एपा, उंबलकड एपा' हे तिन्ही सांगायचं: मांस नको, मासे नको, ती पूड नको. कडक शाकाहारी असाल तर तमिळ लोकांची 'सैव' खानावळ शोधा. तिथं डोसा, इडली, वडे निर्धास्त मिळतात.

सकाळी इडिअप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) किंवा आप्पम, रात्री भाजीची कोत्तू रोटी (तुकडे करून तव्यावर परतलेली रोटी), मधल्या वेळेला शहाळं. म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि त्यावर कितुल माडाचा पाक, हे सोडू नका. गेस्टहाउसात संध्याकाळचं घरचं जेवण हवं असेल तर दुपारपर्यंत सांगायचं, बाजार त्यानंतर होतो.

घरून काय न्यायचं? पहिल्या दोन दिवसांसाठी धपाटे, पुढं शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि थोडा लाल ठेचा. चौथ्या दिवशी नारळाचा कंटाळा येतो, तेव्हा कामी येतं. पीठ, तांदूळ, कुकर असला संसार नको.

बॅगेत काय, आणि परतीचा दिवस

परभणीचं ४२ अंशांचं ऊन सोसलेल्याला तिथले ३२ काय, असं वाटतं. आपलं ऊन कोरडं, घाम तिथल्या तिथं सुकतो. तिथं हवा ओली, अंग चिकट राहतं आणि धुतलेली जीन्स दोन दिवस वाळत नाही. पातळ सुती कपडे, पटकन वाळणारा पंचा, एक छत्री, चालायचे बूट. नुवारा एलिया आणि एल्लासाठी एक स्वेटर. एकूण सात-आठ किलोच्या पाठपिशवीत बसायला हवं, कारण ती घेऊन बसमध्ये उभं राहायचंय. प्लग कुठं आपल्यासारखे गोल पिनांचे, कुठं तीन चौकोनी पिनांचे असतात, म्हणून एक ॲडॉप्टर ठेवा. मलेरियामुक्त देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये श्रीलंकेला प्रमाणपत्र दिलं, पण डेंग्यू आहे, त्यामुळे डासांचं मलम दिवसाही लावायचं. ओआरएसची पाकिटं आणि रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत हवी. प्रवास विमा हजाराच्या आतबाहेर मिळतो, पॉलिसीचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाइल बंद पडतोच.

शेवटच्या दिवशी नेगोम्बोहून विमानतळ रिक्षानं अर्ध्या तासाच्या आत. चहा विमानतळावरून घेऊ नका, गावातल्या सुपरमार्केटमध्ये तोच डबा स्वस्त मिळतो. उरलेले श्रीलंकन रुपये सुरक्षा तपासणीच्या आधीच बँकेच्या खिडकीवर बदलून घ्या, पहिल्या दिवशीची पावती सोबत ठेवा. हैदराबाद किंवा मुंबईला रात्री उतरत असाल तर पुढच्या रेल्वेचं तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारचं काढा.